पुठ्ठ्याचा डिशवॉशर

नवं पुस्तक हातात आलं की आत्या आधी त्याचा वास घेते. मग कणा अंगठ्यानं दाबून बघते. नाव सगळ्यात शेवटी वाचते, आणि तेही वाचेलच असं नाही.

पान उलटायला ती बोट ओलं करत नाही. दुसऱ्या कुणी केलं तर त्याच्याकडे नुसतं बघते. तो पुन्हा करत नाही.

चहा उभ्यानं, खिडकीशी पिते. टेबलावर कागद असोत नसोत.

कात्री कुणाच्या हातात देत नाही. टेबलावर ठेवते, घेणाऱ्यानं उचलायची.

तिच्या लोखंडी पट्टीचं टोक झिजलंय, म्हणून ती एकपासून मोजते आणि शेवटी एक वजा करते. ही वजाबाकी ओठांत चालते. तेव्हा घराला आग लागली तरी तिच्याशी बोलायचं नसतं.

‘बघू’ म्हणाली म्हणजे नाही. ‘बरं, बघू’ म्हणाली म्हणजे कदाचित. काहीच बोलली नाही म्हणजे काम झालं समजायचं.

आणि कुठलीही वस्तू करायच्या किंवा घ्यायच्या आधी ती तिची डमी करते.

डमी हा शब्द पुस्तकबांधणीतला. पुस्तक छापायच्या आधी तेवढ्याच पानांचं, तेवढ्याच जाडीचं कोरं पुस्तक शिवून दाखवायचं. हातात धरून बघायचं. कणा किती जाड होतो, पुस्तक टेबलावर उघडं राहतं की आपोआप मिटतं, हे सगळं आधीच कळतं. पस्तीस वर्षांत आत्यानं अशी शेकडो कोरी पुस्तकं केली. मग ती सवय घरी आली. भिंतीवरचं घड्याळ घ्यायच्या आधी तिनं कागदाचा गोल कापून पंधरा दिवस भिंतीला चिकटवला होता. पलंग घ्यायच्या आधी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि आठवडाभर सगळ्यांना त्यांच्या कडेकडेनं चालायला लावलं. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, “ताई, हिची डमी करू नकोस म्हणजे झालं.” भावजय हे अजून आल्यागेल्याला सांगते.

आत्या खरं तर एकाच मुलीची आत्या. भावाच्या. पण ती मुलगी लहान असताना शाळा सुटल्यावर आत्या काम करते त्या छापखान्यात, बांधणीच्या खोलीत येऊन बसायची. तिचं ऐकून सगळेच आत्या म्हणू लागले. छापखान्याचा मालक आत्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे. तोही आत्याच म्हणतो. पुतणी आता सतरा वर्षांची आहे, आत्याच्या डोक्यावरून बघते, तरी घरात तिला बारकीच म्हणतात.

घरात ही चौघं. आत्या, भाऊ, भावजय, बारकी. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. स्वयंपाकघर नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. एका बाजूला ओटा आणि शेगडी. समोर खिडकीखाली सिंक, सिंकशेजारी सव्वीस इंचांची मोकळी जागा, तिच्यापलीकडे जमिनीवर उभं तीन कप्प्यांचं लाकडी कपाट. मधली वाट अशी की एक माणूस सरळ जातं आणि दोघं तिरकी होऊन जातात.

कामाची वाटणी भावाच्या लग्नापासूनची. भावजय स्वयंपाक करणार, आत्या भांडी घासणार. कुणी ठरवली नाही. पहिल्या दिवशी तसं झालं आणि अठरा वर्षं तसंच होत राहिलं. आत्याला स्वयंपाक येत नाही. म्हणजे येतो, पण भाजी चिरताना ती सगळे तुकडे एका मापाचे चिरते आणि तोवर घरातल्यांची भूक मरते.

मागच्या थंडीत तिच्या बोटांना भेगा पडल्या. आधी दोन बोटांना, मग अंगठ्यांनाही. बांधणीत हात दिवसभर खळीत, म्हणजे पिठाच्या चिकीत. घरी आलं की साबणाच्या पाण्यात. मलमं झाली. रबरी हातमोजे झाले. ते घालून तिनं दोन कप फोडले. एक दिवस ग्रंथालयाच्या एका पुस्तकाच्या पांढऱ्या अस्तरावर रक्ताचा ठिपका पडला. तिनं अस्तर काढून दुसरं लावलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पुस्तकावर पडला. मग ती त्वचेच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात उलटे सुलटे करून बघितले. म्हणाल्या, खळ किंवा साबण, एक काहीतरी सोडा.

खळ सुटणार नव्हती. म्हणून डिशवॉशर घ्यायचं ठरलं.

त्यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. यंत्र येईपर्यंत भांडी भाऊ घासू लागला. तो गात घासतो. सूर सोडला तर गाण्यात बाकी सगळं असतं.

घोडं अडलं ते मापावर.

दुकानात यंत्रं ओळीनं उभी होती. दारांना चिकटपट्ट्या लावलेल्या, काहींवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. विक्रेता तरुण होता, त्याला फार उत्साह होता. त्यानं विचारलं, किती जणांचा हवा. आत्या म्हणाली, आम्ही चौघं. मग हा घ्या, तो म्हणाला, चौदा जणांचा.

आत्याला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. “चौघं,” ती पुन्हा म्हणाली.

“हो. चौघांना चौदाचाच लागतो.”

“आणि चौदा जणांना?”

“चौदा जण असतात कुठे हल्ली, मॅडम?”

मग त्यानं समजावलं. चौदा म्हणजे चौदा माणसं नव्हेत, चौदा सेट. एका सेटमधे एक मोठी बशी, एक खोलगट, एक छोटी, एक कप, एक पेला आणि चमचे. पातेली यात धरलेली नाहीत. तवा धरलेला नाही. कुकर तर कशातच नाही. म्हणून चौदाला किती जणांनी भागायचं, तर ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे. इथे त्याचंही गाडं जरा अडखळलं. त्याच्या शेजारचा लहान होता. मोठा चोवीस इंच रुंद, लहान अठरा. तो नऊ जणांचा. “हा दोघांना बरोबर,” तो म्हणाला. “किंवा तिघांना. तसा चौघांनाही चालतो.”

आत्याचं सगळं आयुष्य मापांत गेलं. तिच्या धंद्यात कागदाची मापं ठरलेली, डेमी म्हणजे डेमी आणि क्राऊन म्हणजे क्राऊन. कागदाचा ताव तीनदा दुमडला की सोळा पृष्ठं होतात. कुणाच्या घरावर ते अवलंबून नसतं. इथे चौघांना चौदा होते आणि दोघांना नऊ. तिनं दोन्हींची पत्रकं घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमची गाडी तुमच्या भागात येते, विक्रेता म्हणाला, त्याआधी कुठला ते तेवढं कळवा.

घरी आल्यावर तिनं पत्रकं जेवायच्या टेबलावर पसरली आणि सगळ्यांना विचारलं.

भाऊ म्हणाला, लहान घे. पत्रकाकडे न बघता म्हणाला.

भावजय म्हणाली, मोठा घ्या ताई, लहान घेतलात तर पस्तावाल. तिनंही पत्रक बघितलं नाही. दोघांनी एकमेकांकडेही बघितलं नाही.

बारकी म्हणाली, मला काही विचारू नका, आणि आपलं ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेली.

आत्याच्या मनात शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली. त्याला कारण होतं. भाऊ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासायचा. वर्षापूर्वी त्याला बढती मिळाली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली. जायला दीड तास, यायला दीड तास. सुरुवातीला घरी आला की तो बसवर, ड्रायव्हरवर, खड्ड्यांवर तोंडसुख घ्यायचा. भावजय म्हणायची, तिकडेच घर बघू या. हे सगळं जेवताना चालायचं, आत्यासमोर, हसत. मग तीन महिन्यांपूर्वी ते बोलणं एकदम थांबलं. बसला शिव्या देणंही थांबलं.

बोलणं चालू होतं तोवर आत्याला काही वाटलं नव्हतं. थांबलं तेव्हा वाटू लागलं.

म्हणजे प्रश्न यंत्राच्या रुंदीचा नव्हताच. या घरात यापुढे किती ताटं पडणार, हा होता. चार पडणार असतील तर मोठा. एकच पडणार असेल तर लहानही जास्तच होता. पण सरळ विचारायला तिची जीभ रेटेना. आई गेली तेव्हा भाऊ अकरा वर्षांचा होता आणि ती बावीसची. त्याचे डबे तिनं भरले, त्याच्या वह्यांना पुठ्ठे तिनं घातले. त्याला ‘तू जाणार आहेस का’ विचारणं म्हणजे ‘जाऊ नकोस’ म्हणण्यासारखंच झालं असतं. ते तिला म्हणायचं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

म्हणून तिनं डमी केली.

एक नाही, दोन. खऱ्या मापाच्या. छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांना वरून खालून जाड पुठ्ठे येतात, ते तिनं मागितले. मालकानं विचारलं कशाला, ती म्हणाली डिशवॉशरला. त्यानं मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. तो तिला ओळखून होता. बाहेरचं खोकं पत्रकातल्या मापाचं. आत दोन कप्पे, आणि ताटं उभी राहावीत म्हणून पुठ्ठ्याच्याच खाचा. कडा कापडानं मढवल्या. दाराला डाव्या बाजूनं कापडी बिजागरी. दार उघडलं तरी आवाज होत नव्हता. भावजय म्हणाली, खऱ्यापेक्षा हाच घेऊ, वीज तरी लागत नाही. बारकीनं मोठ्या डमीवर पेननं बटणं काढली. एका बटणावर लिहिलं, ‘आत्या’. हे दाबलं की भांडी निघतात, ती म्हणाली.

नियम आत्याचे. भावानं भांडी घासून पुसली की ती मांडणीवर न ठेवता डमीत लावायची, जणू तिथेच धुवायची आहेत. दिवसभराची सगळी. सकाळी काढून जागच्या जागी. पहिला आठवडा मोठी डमी, दुसरा आठवडा लहान. बाजूला दोऱ्यानं एक कोरी वही टांगली. तिच्यात रोज लिहायचं: ताटं किती, वाट्या किती, काय मावलं नाही.

पहिले दोन दिवस घरात नाटक लागल्यासारखं होतं. शेजारीण येऊन बघून गेली. भाऊ कुकर कुठल्या बाजूनं आत जातो ते बघायला गुडघ्यांवर बसला आणि अर्धा तास उठला नाही. तिसऱ्या दिवशी भावजयीनं डमीवर इस्त्रीचे कपडे ठेवले. चौथ्या दिवशी बारकीला आपली हरवलेली चप्पल आत सापडली. ती तिथे कुणी ठेवली हे कळलं नाही. पाचव्या दिवसापासून ते खोकं तिथे पहिल्यापासून असल्यासारखं सगळे वागू लागले.

वही मात्र आत्या न चुकता लिहीत होती.

मोठ्या डमीचा आठवडा संपला. ती एकदाही भरली नव्हती. आत्याला वाटलं, चला, म्हणजे लहान पुरे. लहान डमी लावली. कुकर बाहेर राहिला, पण बाकी तीही गच्च भरेना. पत्रकाप्रमाणे चौघांची भांडी तिच्यात मावायला नको होती. मग तिनं वही पहिल्यापासून वाचून काढली.

मंगळवार, रात्रीची ताटं तीन. गुरुवार, तीन. शनिवार, दोन. पुढचा मंगळवार, तीन. पुढचा शनिवार, दोन.

मंगळवारी आणि गुरुवारी भाऊ उशिरा आला होता, बाहेर खाऊन. शनिवारी तो आणि भावजय त्याच्या मित्राकडे गेले होते. दोन्ही शनिवारी. भावाचे मित्र आत्याला माहीत होते. लागोपाठ दोन शनिवार जेवू घालणारं त्यांत कुणी नव्हतं.

तिनं वही मिटली. पुन्हा उघडली. मोजायला ताटं घेतली होती, मोजली गेली माणसं.

आणि अजून एक गोष्ट होती, ती वहीत नव्हती. त्यांतल्या पहिल्या शनिवारी घरात दोघीच होत्या. बारकी ताट मांडीवर घेऊन वाचत होती. आत्या खिडकीशी बसली होती. कुणी बोलत नव्हतं, कुणी गात नव्हतं. आत्याला बरं वाटलं होतं. चांगलंच बरं वाटलं होतं. आता वही बघताना तिला ते आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. मग लाज का वाटावी तेही कळेना.

त्या आठवड्यात तिनं एका प्रबंधाचा एक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या एका तावाची पानं, उलटा शिवला. मधली सोळा पृष्ठं डोक्यावर उभी. मालकानं प्रबंध तिच्यासमोर ठेवला आणि निघून गेला. तिनं दोरा उसवला आणि पुन्हा शिवायला घेतला.

शुक्रवारी दुकानातून फिटर आला, पाण्याची जोडणी बघायला. पिकल्या मिशांचा माणूस, कानावर पेन्सिल. त्यानं नळ बघितला, सांडपाण्याची नळी बघितली आणि मग डमीसमोर येऊन उभा राहिला. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“कुणी केलं हे?”

“मी,” आत्या म्हणाली.

“काम फर्मास आहे,” तो म्हणाला. “पण दार असं उघडत नाही.”

“मग?”

त्यानं हात उभा धरला आणि तळवा वर करून समोर आडवा पाडला. “असं. पुढे, खाली पडतं.”

आत्यानं पत्रक काढलं. चित्रातलं यंत्र उघडं होतं, भांड्यांनी भरलेलं, आणि समोर एक चकचकीत पत्रा आडवा पसरलेला. तो तिला ट्रे वाटला होता. भांडी काढून ठेवायचा. ते दार होतं. पस्तीस वर्षं तिच्या हातातली प्रत्येक वस्तू डावीकडे उघडत आली. याचं दार आणखी कुठे उघडत असेल हा विचार तिला शिवलाच नव्हता. आणि दोन आठवडे घरातली बाकी तिघं तेच दार उघडत होती, लावत होती. त्यांनाही तो शिवला नव्हता.

फिटरनं जमिनीवर पेन्सिलीनं रेघ मारली. दार इथवर येणार. रेघेच्या पुढे ओटा. म्हणजे दार पडलं की वाट बंद. शेगडीशी असलेलं माणूस शेगडीशीच राहणार. लहान घेतला तर, आत्यानं विचारलं. लहानाचं दारही तेवढंच लांब, तो म्हणाला, फक्त अरुंद. मग दोन आठवड्यांच्या वहीचं काय करायचं, हे तिनं त्याला विचारलं नाही. तिनं विचारलं, तुम्ही कुठला घेतला असता.

“ते माणसांवर आहे,” तो म्हणाला. “घरात माणसं किती?”

आत्या जमिनीवरच्या रेघेकडे बघू लागली. त्याला वाटलं ती मोजतेय. त्यानं विषय बदलला. विजेची तार या कपाटामागून आणावी लागेल, म्हणाला. कपाट रिकामं करून बाजूला सरकवून ठेवा. मोठा घ्या नाहीतर लहान, ते करावंच लागणार.

रविवारी दुपारी जेवणं झाली. भाऊ भांडी घासत होता. त्या दिवशी तो गात नव्हता. आत्या ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं त्याला दाराची गंमत सांगितली. तो खूप हसला, साबणाच्या हातानं कपाळ पुसलं. ती हसायची थांबली आणि म्हणाली, “त्या दोन्ही शनिवारी कुणाकडे गेला होतात?”

“सांगितलं ना. मित्राकडे.”

“काय जेवलात?”

भावाचा हात थांबला. नळ चालू राहिला.

“ताई, तू आम्हाला मोजत होतीस?”

“ताटं मोजत होते.”

त्यानं नळ बंद केला. मग सगळं सांगितलं, तिच्याकडे पाठ करूनच. कचेरीपासून दहा मिनिटांवर एक घर मिळत होतं. तीन महिने ते घरं बघत होते. या घराला अजून होकार दिलेला नव्हता. तिला सांगायचं तो रोज सकाळी ठरवायचा, आणि रोज रात्री उद्यावर टाकायचा.

“लहान घे का म्हणालास?” आत्यानं विचारलं.

“तू एकटी असशील. मोठा भरायला तुला चार दिवस लागतील. तोवर भांड्यांना वास सुटेल.”

त्यानं खरोखरच विचार केला होता. तिला तेच जास्त लागलं.

भावजय दारात येऊन उभी होती. “अहो, एकट्या कशाला असतील?” ती म्हणाली. “ताई आपल्याबरोबर येतायत. म्हणून तर मी मोठा म्हटलं. तिकडचं स्वयंपाकघर बघितलंत ना केवढं आहे?”

“ती बांधणी सोडून येईल?”

“बसनं जातील. तुम्ही वर्षभर जाताच आहात.”

“या वयात तीन तास बस?”

दोघं तिच्याविषयी बोलत होती आणि ती त्यांच्या मधे उभी होती. तिथून हलायला वाटही नव्हती. “मला कुणी विचारलंत?” ती म्हणाली.

“विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात,” भावजय म्हणाली.

हे खरं होतं. बाहेरच्या खोलीतून बारकीचा आवाज आला. ती कुठेच जाणार नव्हती. तिचं कॉलेज इथून चार थांबे होतं. ती आत्याजवळ राहणार होती, आणि दोघींना कुठला लागतो ते पत्रकात बघून कुणीतरी सांगावं, असं तिचं म्हणणं होतं.

“आणि आत्या तुला जेवायला काय घालेल?” भावजयीनं विचारलं.

“एकसारखे तुकडे,” बारकी म्हणाली.

आधी कुणी हसलं नाही. मग भावाला हसू फुटलं, मग आत्यालाही. भावजय हसली नाही. तिनं हातातल्या फडक्याची घडी घातली आणि सरळ आत्याकडे बघितलं.

“बरं, आता विचारते. ताई, तुम्हाला काय हवंय?”

आत्यानं तोंड उघडलं. लोक तिला मापं विचारत आले होते आणि ती न अडखळता सांगत आली होती. चौघं म्हणावं, तर शनिवारचं ते बरं वाटणं मधे येत होतं. एकटी म्हणावं, तर भावाचा तो न लागणारा सूर. त्यांच्याबरोबर जावं, तर बांधणीतलं उंच टेबल, खळीची बादली. बारकीला ठेवून घ्यावं, तर भावजयीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. कुठलंही उत्तर धरलं तरी कुणीतरी बाहेर राहत होतं, आणि एका उत्तरात तर ती स्वतःच.

“मला कळत नाहीये,” ती म्हणाली.

घरात तिच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. भावानं नळ पुन्हा सोडला आणि उरलेली भांडी घासली. भावजयीनं ती पुसली. पुसलेली भांडी डमीत लावायची की मांडणीवर, हे तिला सुचेना. तिनं ती ओट्यावरच पालथी घातली.

महिन्याचा पहिला शनिवार आला. आदल्या दिवशी दुकानातून फोन आला होता. आत्या म्हणाली, या वेळी नको, पुढच्या फेरीला सांगते. चौघांना चौदाचाच घ्या मॅडम, विक्रेता म्हणाला, डोळे झाकून. गाडी येऊन गेली.

सोमवारी ती बांधणीतून लवकर घरी आली. घरात कुणी नव्हतं. सगळ्या घोळात एकच गोष्ट पक्की होती: कुठलाही घेतला तरी कपाट रिकामं करायचं होतं. तिनं बोटांना पट्ट्या गुंडाळल्या आणि जमिनीवर बैठक मारली.

पहिल्या कप्प्यात डबे. झाकणं एकीकडे, डबे दुसरीकडे. तिनं जोड्या लावून ते टेबलावर ओळीनं मांडले. तीन झाकणं उरली, त्यांचे डबे कुठे गेले देव जाणे. दुसऱ्या कप्प्यात मोठी पातेली, चाळण्या, मूठ तुटलेला तवा, कधीच न लागणारी एक विजेची शेगडी. तीही टेबलावर आली. हात भराभर चालत होते. किती दिवसांनी तिचं डोकं शांत होतं.

तिसरा कप्पा जमिनीलगत. जुन्या पिशव्या, त्यांच्यामागे एक जड खोकं. भावजयीचा काचेचा डिनर सेट, तिच्या मैत्रिणींनी लग्नात दिलेला. इथे मांडायला जागा नाही, नंतर काढू, असं म्हणता म्हणता तो अठरा वर्षं बंदच राहिला होता. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण सुटली नव्हती. खोक्यावर छापलं होतं, सहा जणांसाठी.

आत्यानं खोकं अर्धं बाहेर ओढलं आणि थांबली. ते ठेवायचं कुठे? टेबलावर ठेवलं तर ते या घरातलं झालं; मग ते उघडायला हवं, धुवायला हवं, मांडणीवर जागा करायला हवी. बाहेरच्या दाराशी ठेवलं तर ते जाणाऱ्या सामानातलं झालं, आणि त्यांच्या सामानातली पहिली वस्तू तिनंच काढून दिल्यासारखं झालं. परत आत ढकललं तर कपाट हलत नव्हतं. ती खोक्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली.

भावजय कामावरून आली. तिनं टेबलावरचे डबे बघितले. खोकं बघितलं. जमिनीवर बसलेल्या आत्याला बघितलं. चहा टाकते, म्हणाली, आणि खोक्याला वळसा घालून शेगडीकडे गेली.

याला आज बारा दिवस झाले. डबे आणि पातेली टेबलावरच आहेत. चौघं टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं जेवतात. कपाटाचं दार लागत नाही. दोन कप्पे रिकामे झाले. तिसरा व्हायचाय.